तंबू एक, माणसं सहा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मुलुंडचे चार मित्र, आणि माझा मामेभाऊ अन् वहिनी डेन्व्हरला असतात ते दोघं, असे सहा जण जूनमध्ये अमेरिकेत टेल्युराइडच्या ब्लूग्रास (बॅन्जो-फिडलवर वाजणारं तिकडचं लोकसंगीत) फेस्टिवलला चाललोय. तिकिटं सगळ्यांची आहेत, पण टाऊन पार्कमध्ये तंबू टाकायची लॉटरी फक्त भाऊ-वहिनीला लागली, आम्ही चौघं लटकलो. भाऊ म्हणतो टेन्शन नको, मोठा तंबू आणतो, गुपचूप घुसा, तिकडची पब्लिक दिलदार आहे. मलाही वाटतं, आपण लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौघं बसणारी माणसं, झालो अ‍ॅडजस्ट तर काय बिघडलं? कम्युनिटी स्पिरिट म्हणतात ते हेच ना?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चौथ्या सीटचं लॉजिक इथे नाही चालणार हो. चौथा टेकतो तो घाटकोपर-कुर्ल्यापर्यंत, आणि त्याच्या खिशात पास असतो. तुम्ही चार रात्री झोपणार, आंघोळी करणार, संडासच्या लाइनीत उभे राहणार, आणि कॅम्पचा पास मात्र दोघांचाच.

आधी जागा कशी आहे ते बघा. टेल्युराइड हे कोलोरॅडोतलं जुनं खाणकामाचं गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास, उंची सुमारे २,६६७ मीटर. तिन्ही बाजूंनी डोंगर, गावात यायला डांबरी रस्ता एकच, आणि टाऊन पार्क दरीच्या आतल्या टोकाला. १९७४ पासून तिथे हा फेस्टिवल भरतो, आणि आता दिवसाला दहा हजारांच्या घरात माणसं येतात. मैदान वाढवायचं म्हटलं तर डोंगर सरकवावा लागेल. म्हणून लॉटरी. किती माणसांना पाणी-संडास पुरेल आणि रात्री कुणाला काही झालं तर गाडी आत कशी येईल, या हिशेबावरच कुठल्याही कॅम्पचा आकडा ठरतो, चार माणसं चोरून आली की तो हिशेब तिथेच बोंबलतो.

आणि एक गोष्ट तुमच्या भावाला नक्की सांगा. लॉटरी न लागलेले तुम्ही चौघंच नाही. बाकीचे पण गिटार-बॅन्जो घेऊन येणारच आहेत, त्यातले कितीतरी जण दरवर्षी येणारे, आणि ते निमूटपणे गावाबाहेरच्या कॅम्पवर राहून शटल बसने ये-जा करतात. कम्युनिटी म्हणजे तेच लोक ना? मग त्यांना डावलून आत घुसायचं आणि त्याला स्पिरिट म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. आपलीच माणसं आत घ्यायला स्पिरिट लागत नाही, ते आपण गणपतीच्या लाइनीतही करतोच.

दिलदारपणा तिथे आहे, नाही असं नाही, फक्त तो वेगळ्या ठिकाणी दिसतो. सकाळी गेट उघडलं की लोक टार्प, म्हणजे आपली ताडपत्री, घेऊन स्टेजच्या दिशेने अक्षरशः पळतात, जागा पकडायला. सवाईला लोक सतरंज्या टाकून घरच्यांसाठी जागा धरतात तसलंच. पण तिकडचा रिवाज असा की टार्पवर कुणी नसेल तर दुसऱ्याने खुशाल बसावं, मालक आला की उठावं, भांडण नाही. आपल्याकडे रिकाम्या सतरंजीला नुसता पाय लागला तरी शेजारच्या काकू डोळे वटारतात (काकूंचं पण बरोबर आहे म्हणा, पाच माणसांची जागा एकटीने सांभाळायची म्हणजे काय गंमत आहे).

तर भाऊ-वहिनीला टाऊन पार्कात राहू दे आणि तुम्ही चौघं बाहेरच्या कॅम्पचे पास घ्या. तेही संपले असतील तर फेस्टिवलच्या अधिकृत मार्गाने कुणी परत करतंय का बघत राहा, डबल भावाने विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. किंवा वरच्या माउंटन व्हिलेजमध्ये खोली शोधा, तिथून गावात यायला गोंडोला, म्हणजे दोरीवरची केबल कार, फुकट आहे. महाग पडेल, पण चौघांत भागतं. दिवसभर सहाही जण एकाच टार्पवर बसणार आहात, विरह वगैरे काही होत नाही. आणि बाहेरच्या कॅम्पवर गेलो म्हणून मजा कमी झाली असं समजू नका. ब्लूग्रासवाली माणसं रात्री तंबूंपाशी गोल करून वाजवत बसतात, मँडोलिन, फिडल, बॅन्जो, सगळं माइकशिवाय. वाजवता येत असेल तर आधी बाहेर उभं राहून ऐका, कुणी मान हलवून बोलावलं की मग आत. नसेल येत तर नुसतं ऐका, मोबाइलचा लाइट तोंडावर मारू नका.

प्रश्न : त्याच फेस्टिवलला आमची लेक चाललीय. कॅम्पवर रोज वरणभात करून शेजारच्या तंबूंनाही वाढेन म्हणते. जमेल का?
– एक आई, गिरगाव

उत्तर : वाढू दे की, पण वरण नको. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा मोडत नाही, तोवर गॅस संपेल आणि शेजारी झोपतील. छोटा कुकर नेत असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर पोहे किंवा उपमा. आणि स्वेटर द्या तिला, जून असला तरी रात्री कडाक्याची थंडी असते. चूल-शेकोटी पेटवायच्या आधी तिथे परवानगी आहे का हे विचारायला सांगा, कोरड्या उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने तिकडे आगीवर बंदी येते.