अडलीस तिथेच लिही

सप्रेम नमस्कार,

तुझा मेसेज दोनदा वाचला. 'ताई, माझं कोडिंग अजून कच्चं आहे, म्हणून ओपन सोर्समध्ये सध्या डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करू का?' असं विचारलं आहेस. सुरुवात जरूर कर. त्यातला 'म्हणून' मात्र मला खटकला. डॉक्स, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी ही पानं, कोड न येणाऱ्यांसाठी ठेवलेली मागची रांग आहे असं कुणी तुला सांगितलं असेल, तर ते चूक आहे. पण तू नवीन आहेस ही गोष्ट या कामात खरोखरच उपयोगाची आहे. कशी, ते सांगते.

तू सध्या पायथॉन शिकते आहेस, तर तिथलंच उदाहरण घेऊ. स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या माळेच्या, डाव्या टोकाची अक्षरं काढायला एलस्ट्रिप नावाची मेथड, म्हणजे तयार क्रिया, आहे. 'रामराव'मधलं पुढचं 'राम' काढायचं म्हणून तू तिला 'राम' दिलंस, तर 'राव' उरेल असं वाटतं. उरतो नुसता 'व'. कारण 'राम' हा सलग शब्द आहे हे ती बघतच नाही. र, काना आणि म असा तीन चिन्हांचा गठ्ठा ती हातात घेते आणि त्यातलं काहीही डावीकडे सापडत राहील तोवर काढत जाते. म्हणून 'राव'मधला 'रा'सुद्धा जातो. दिलेली अक्षरं म्हणजे उपसर्ग नव्हे, हे पायथॉनच्या डॉक्समध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही लोक वर्षानुवर्षं तिथेच अडखळत राहिले. शेवटी २०२० साली आलेल्या ३.९ या आवृत्तीत रिमूव्हप्रीफिक्स ही वेगळी मेथड आली. भाषेतल्या बदलांच्या अशा प्रस्तावांना पेप म्हणतात; हिचा पेप ६१६. आता एलस्ट्रिपच्या नोंदीतच, एक अख्खा उपसर्ग काढायचा असेल तर तिकडे जा, अशी वाट दाखवली आहे आणि दोन्हींचा फरक दाखवणारं उदाहरणही दिलं आहे. लोक अडले आणि कुठे अडलो ते बोलले, म्हणून डॉक्सही सुधारले आणि भाषाही.

दहा वर्षं पायथॉन लिहिणाऱ्याला ही जागा दिसत नाही. त्याचा पाय तिथे आपोआप उचलला जातो. तुझा अडकतो, आणि तो अडकणं थांबायला फार दिवस लागणार नाहीत. तेवढेच दिवस तुझ्या हातात आहेत. म्हणून एक वही घे. काय करायला गेलीस, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि स्क्रीनवर नेमका कोणता मेसेज आला, एवढं त्याच वेळी लिहून ठेव. मी हे केलं नव्हतं. एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मशीनवर बसवताना माझे दोन दिवस गेले होते. तीन महिन्यांनी तिचं इन्स्टॉलेशनचं पान लिहायला बसले, तर कशात गेले तेच आठवेना. 'फक्त ही कमांड चालवा' असं लिहून मोकळी झाले. ते 'फक्त' वाचून माझ्यासारखाच दोन दिवस अडकलेला कुणीतरी स्वतःला मूर्ख समजला असेल, याचं मला अजून वाईट वाटतं. वेबसाइट बनवायच्या जँगो या पायथॉन-साधनाच्या डॉक्सच्या लेखन-नियमांत तर 'सहज', 'फक्त', 'सोपं' अशा अर्थाचे शब्द टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. तो नियम तू कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाळ.

नोंद हाती आली की ती कुठे जाते ते बघावं लागतं, आणि नवी माणसं इथेच सगळ्यात जास्त चुकतात. डॅनिएले प्रोचिदा यांनी डायटॅक्सिस या मांडणीत डॉक्सचे चार प्रकार केले आहेत: शिकवणारा धडा, एखादं काम कसं करायचं त्याची कृती, संदर्भ, आणि 'असं का' याचं विवेचन. स्वयंपाक शिकवणं वेगळं आणि डब्यावर 'हळद' अशी चिठ्ठी लावणं वेगळं. मी एकदा एका मेथडच्या संदर्भ-नोंदीत दोन पानांचं विवेचन घुसवलं होतं. तपासणाऱ्याने त्यातलं एक वाक्य ठेवलं, बाकी काढायला सांगितलं. तेव्हा राग आला. आज ते पान उघडते तेव्हा ते एकच वाक्य बरोबर जागी बसलेलं दिसतं.

पायथॉनचे डॉक्स मुख्य कोडच्याच रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या फाइलींच्या सामायिक साठ्यात), डॉक नावाच्या फोल्डरमध्ये असतात. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या खुणांच्या पद्धतीत लिहिलेले असतात आणि स्फिंक्स हे साधन त्यांची वेबपानं बनवतं. मार्कडाउन या तशाच दुसऱ्या पद्धतीची सवय असेल तर एक लक्षात ठेव: इथे कोडभोवती एकेरी नव्हे, दुहेरी बॅकटिक (` हे चिन्ह) लागतात. बदल पाठवण्याआधी पान स्वतःच्या मशीनवर बनवून ब्राउझरमध्ये उघडून बघ, आणि उदाहरणातली ओळ न् ओळ चालवून बघ. चॅटबॉटकडून परिच्छेद लिहून घेऊन, न चालवता पाठवू नकोस. चुकीची ओळ खात्रीच्या सुरात लिहिलेली असली की वाचणारा दोष स्वतःलाच देतो. पहिल्यांदा पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पाठवलीस की योगदानाच्या करारावर सही करायला सांगतील, ती कर. बदल लहान ठेव, एका वेळी एकच. मग वाट बघावी लागते, कधी आठवडेसुद्धा. तपासणारी बरीच माणसं हे काम आपल्या फावल्या वेळात करतात.

त्यांच्या वेळेवरून आठवलं. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबरभरात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० च्या ऑक्टोबरात त्या टी-शर्टासाठी हजारो जणांनी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या, फाइलींमध्ये एखादा निरर्थक शब्द घालून पुल रिक्वेस्ट पाठवल्या. आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रोजेक्टची स्वतःची तयारी असेल तेवढेच धरायचं ठरलं. त्यात आपल्याकडची मुलं बरीच होती आणि त्यातल्या बहुतेकांना पलीकडे माणूस बसलाय याची कल्पनाच कुणी दिलेली नव्हती. तुला ती आहे. प्रोफाइलवर योगदानाचे हिरवे चौकोन भरण्यासाठी स्वल्पविराम हलवू नकोस. खरी चूक दिसली तर मात्र एका अक्षराचीही दुरुस्ती बेलाशक पाठव.

मराठी माध्यमातून शिकलीस म्हणून इंग्रजीची धास्ती वाटते, हेही लिहिलं आहेस. डॉक्सना अलंकार लागत नाहीत. छोटं वाक्य, एका वाक्यात एकच क्रिया, आणि एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव, एवढं सांभाळलंस तर पुरे. व्याकरण चुकलं तर तपासणारा माणूस ते सुधारून देईल. आणि तू इंग्रजी सावकाश, शब्द लावत वाचतेस, त्यामुळे सराईत वाचक ज्या वाक्यावरून घसरत पुढे जातो तिथे तू थांबतेस. जगभर हे डॉक्स वाचणाऱ्या कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही, आणि तेही तिथेच थांबत असणार.

मराठी भाषांतराचं काम वेगळं आहे, ते नंतर बघू. तिथे आधी ठरलेली शब्दसूची मागायची, नाहीतर एका पानावर फाइलची 'धारिका' होते आणि दुसऱ्यावर 'संचिका'.

रविवारपर्यंत वहीतल्या पहिल्या तीन नोंदी मला पाठव. नीटनेटक्या करू नकोस, इंग्रजीतही करू नकोस, जशी अडलीस तशीच मराठीत लिही. त्यातली कुठली पुढे न्यायची आणि ती आधीच कुणी नोंदवली आहे का, हे आपण फोनवर मिळून शोधू.

तुझी,
ताई