डबल घंटी : रात्रीचं विमान आणि दुपारी दोनची खोली

(प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात एस.टी.चे एक निवृत्त वाहक, जि. वर्धा.)

प्रश्न : सप्रेम जयभीम. आमच्या विहारातल्या २४ उपासिका जानेवारीत थायलंडले निघालो आहोत. दोन वर्षं भिशी करून पैसे जमवले. गावातून दुपारी ४ ला निघणार, बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, दिवसभर तिथेच, मग रात्री साडेअकराचं विमान. बँकॉकला पहाटे सव्वापाचला उतरू. टूरवाल्याच्या कागदावर लिहिलं आहे, "आगमनानंतर थेट दर्शन, दुपारी २ ला हॉटेल प्रवेश." माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, शुगर आहे, गुडघे दुखतात. त्या म्हणतात, "विमानात बसूनच तं जायचं हाय, मले काय होते?" आमच्यापैकी एकीनंही विमान आतून पाहिलेलं नाही. विमानात रात्रभर झोप होईल का? सकाळी थेट फिरणं जमेल का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जयभीम ताई. आधी सरळ सांगतो. झोप होणार नाही आणि थेट फिरणं जमणार नाही. सासूबाईंनाच काय, तुम्हालाही नाही. पण जाणं रद्द करू नका. तो कागद बदलून घ्या.

मी ३१ वर्षं एस.टी.त वाहक होतो. त्यातली बरीचशी मुक्कामी गाडीवर गेली. रात्री नऊला खेड्यात पोचायचं, देवळाच्या ओट्यावर नाहीतर गाडीतल्याच बाकावर पाठ टेकायची आणि पहाटे साडेपाचला पहिली फेरी काढायची. ज्याला पाठ टेकायला मिळाली नाही त्याचं दुसऱ्या दिवशीचं वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) चुकतं, हे मी पैसे भरून शिकलो आहे. म्हणून सहलीचा कागद हातात आला की मी ठिकाणं नंतर वाचतो. आधी पाहतो, माणूस आडवा कधी होणार?

तुमच्या कागदाचा हिशेब करू. टूरवाला प्रवास मोजतो विमानतळापासून, आपण मोजायचा घराच्या उंबऱ्यापासून. पहिल्या दिवशी दुपारी ४ ला निघालात. खोली मिळणार तिसऱ्या दिवशी दुपारी २ ला, तीही तिथल्या घड्याळानं. थायलंड आपल्या दीड तास पुढे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा साडेबारा वाजलेले असणार. झाले साडेचव्वेचाळीस तास. एवढ्या वेळात अंग टाकायला काय, तर रेल्वेची एक बर्थ. बाकी सगळं बसून नाहीतर उभ्यानं. आणि सासूबाई म्हणतात मले काय होते!

आता विमानातली झोप. साडेअकरा ते सव्वापाच म्हटलं की पावणेसहा तास वाटतात, पण त्यातला दीड तास घड्याळ खाऊन टाकतं. हाती उरतात सव्वाचार. सुरुवातीचा तासभर पट्टा बांधणं, दिवे आणि खाण्याच्या ट्रॉलीत जातो. शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात खुर्च्या सरळ करायला लावतात. मधे दोन-अडीच तास, तेही बसल्या बसल्या. आमची रातराणी बरी म्हणायची, वाटेत चहाला तरी थांबे.

उतरताना मात्र झोपायचं नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवा. विमान खाली येताना हवेचा दाब बदलतो, कानाला दडा बसतो. जागा माणूस आवंढा गिळतो, कान मोकळे होतात. झोपलेला गिळत नाही आणि ठणका घेऊन उठतो. बडीशेप किंवा गोळी हाताशी ठेवा. विमानातली हवा फार कोरडी असते, घशाला कोरड पडते. पाणी घोट घोट प्यायचं. "घडीघडी संडासला जावं लागते" म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, ते करू नका. पायाचे घोटे फिरवत राहा, मधे एकदा उठून चाला. सासूबाईंना कडेची खुर्ची, तिथून उठणं सोपं. खिडकी कोणा पोरीला द्या.

त्यांची औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन असेल तर ते सामानाच्या बॅगेत अजिबात नको. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की वाया गेलं. दीड तासाच्या फरकानं गोळीची वेळ कशी धरायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. मोबाईलची पॉवर बँकही हातातच. उलट अडकित्ता, विळी-चाकू, ओला ठेचा, लोणच्याची बरणी हे सगळं मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत १०० मिलीच्या वरची पातळ वस्तू चालत नाही आणि लोणच्याचं तेल त्यांच्या लेखी पातळच. जवसाची कोरडी चटणी आणि दशम्या खुशाल हातात घ्या. स्वस्त विमानात जेवण तिकिटात धरलेलं नसतं, दशमी तिथे सोन्याची होते.

सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची निदान दोन दिवस आधी सांगून ठेवा. त्या "मी काय लंगडी हावो?" म्हणतील. म्हणू द्या. बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ (नाव कसं आपलंच वाटतं ना? २००६ साली सुरू झाला) एवढा लांबलचक आहे की चांगल्या गुडघ्याचा माणूसही मधे टेकतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खुर्चीवाल्याला वेगळ्या वाटेनं नेतात, बाकीचा घोळका मागे राहतो. सोबत एकीनं जायचंच, आणि भेटायची जागा आधी ठरवायची.

आम्ही बँकॉकला गेलो तेव्हा काय झालं ते सांगतो. आम्ही २८ जण होतो, बहुतेक डेपोतले जुने सोबती आणि त्यांच्या मंडळी. टूरवाल्यानं तोंडी सांगितलं होतं, "पोचल्याबरोबर हॉटेल." पोचल्याबरोबर हॉटेल मिळालं, खोली नाही मिळाली. सकाळी साडेसातला आमच्या बॅगा एका कोठडीत कोंबल्या आणि आम्हाला परत बसमध्ये चढवलं. आंघोळ नाही, तोंड धुतलं ते हॉटेलच्या खालच्या बेसिनवर. तिथून थेट वाट फो.

वाट फो म्हणजे बँकॉकचं बौद्ध मंदिर ('वाट' म्हणजे तिकडे मंदिर), तिथला तो प्रसिद्ध पहुडलेला बुद्ध. ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. मी मनातल्या मनात एकामागे एक चार एस.टी. उभ्या केल्या. पावलांच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या चकाकीत १०८ मंगलचिन्हं जडवलेली आहेत. मी जन्मभर ज्याची वाट पाहावी असं ते दर्शन. आणि मला आठवतं काय, तर आमचा एक सोबती, सगळ्या खात्यात हसवणारा माणूस, खांबाला टेकून उभ्या उभ्या घोरत होता. माझी बायको मूर्तीकडे पाहून म्हणाली, "बुद्ध बी झोपले, आपल्यालेच काहून झोपू देत नाही?" मी तिला सांगायला लागलो की ही झोप नाही, महापरिनिर्वाणाची मुद्रा आहे, आणि वाक्य अर्धं असतानाच मला जांभई आली. मूर्तीच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून १०८ काशाची भांडी आहेत, लोक ओळीनं एकेक नाणं टाकत जातात. त्या टणटण आवाजानं काय जाग आली तेवढीच. बाकी तिकिटाचे ३०० बाट पाण्यात.

तेव्हा टूरवाल्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

पहिली, मुंबईतला दिवस. चैत्यभूमीला जाणारच तुम्ही, जा. पण सकाळी दहाच्या आत आटपा. नंतर दादरला चार खोल्या अर्ध्या दिवसासाठी घ्या आणि दुपारी चक्क झोपा. खरेदीला कोणी निघाली तर तिच्या चपला लपवा. रात्री साडेआठला विमानतळावर हजर व्हायचंय.

दुसरी, बँकॉकची पहाट. हॉटेलवाले दुपारी दोनला खोली देतात, तो जवळपास सगळीकडचाच रिवाज आहे, आदल्या पाहुण्याची खोली झाडूनपुसून तयार व्हायला वेळ लागतो. त्यावर उपाय एकच, काही खोल्या आदल्या रात्रीपासूनच घ्यायच्या. २४ जणींना चोवीसच्या चोवीस जागा नकोत. चार खोल्या पुरे, सहाजणींत एक. पाळीपाळीनं आंघोळ, म्हाताऱ्या पलंगावर, तरण्या खाली चादरीवर. चार खोल्यांचं एका रात्रीचं भाडं २४ जणींत वाटा, डोक्यामागे काय येते ते पाहा, आणि मग भिशीच्या बैठकीत ठेवा. मला वाटतं शंभरातल्या नव्वद जणी हो म्हणतील. ज्या नाही म्हणतील त्याच सकाळी पहिल्या आडव्या होतील.

तिसरी, पहिल्या दिवशी दर्शन नको. संध्याकाळी नदीकाठी एक चक्कर, बस्स. वाट फो दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला, उघडताबरोबर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे आपलं लुगडं-पातळ उत्तमच. वाट त्रैमितही त्याच दिवशी घ्या. तिथे साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. कितीतरी वर्षं ती चुन्याच्या लेपाखाली होती, लोकांना वाटे साधी मूर्ती आहे. १९५५ साली हलवताना लेपाचा टवका उडाला आणि आत सोनं दिसलं. त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या नागपुरात १४ ऑक्टोबर उजाडला. दोन्हींचा संबंध काही नाही, पण मी तिथे उभा असताना माझ्या मनात तेच आलं.

पहिल्या सकाळी एक गोष्ट मात्र फुकटात मिळेल. विमानतळावरून येताना बसमध्ये डुलकी घेऊ नका, निदान गल्ल्यांत शिरल्यावर तरी. उजाडताना भिक्खू अनवाणी पायांनी पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, निघतात, हातात पात्र. मी पाहिलं ते असं : बंद दुकानाच्या शटरसमोर एक बाई चपला काढून गुडघ्यावर बसली होती, बाजूला तिची स्कूटर चालूच. भाताची पुडी पात्रात ठेवली, हात जोडले, भिक्खू काही पुटपुटले, ती उठली आणि स्कूटरवर बसून कामाला गेली. दोन मिनिटंही नाही. पिंडपाताला आपणही उभं राहायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सहाला खाली उतरा, बाजारात वाढायच्या पिशव्या तयार मिळतात. बायांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, हातात हात लागू द्यायचा नाही, एवढं पाळा.

इमिग्रेशनचं एक राहिलं. थायलंडला मे २०२५ पासून येण्याचं कार्ड आधी मोबाईलवर भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, सरकारी साइटवर. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो लबाड समजा. हॉटेलचं नाव-पत्ता प्रत्येकीच्या पर्समध्ये वेगळा छापून ठेवा. "सगळे कागद ताईकडे हायेत" हे तिथे चालत नाही, कारण तिथे प्रत्येक जण एकटा उभा राहतो.

खिडकीवर बोटांचे ठसे घेतात. आमच्यातल्या एका वहिनींचे ठसे उमटेचनात. जन्मभर कापूस वेचलेली बाई, पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटांची टोकं पार गुळगुळीत झालेली. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रेशनच्या दुकानात बी असंच होते, भाऊ." मागे रांग खोळंबली. तो अधिकारी पोरगाच होता, त्यानं काचेवरून हात बाहेर काढला, स्वतःचं बोट कपाळावर घासून दाखवलं आणि पुन्हा मशीनवर ठेवायची खूण केली. कपाळाचं तेलकटपण लागलं, ठसा आला. तुमच्यात वेचणीवाल्या असतील तर आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना खोबरेल चोळा.

आणि मोजणी. गाडी सुटण्याआधी डोकी मोजायची ती नावं घेऊन नाही, नंबर लावून. एक ते चोवीस, प्रत्येकीनं आपला नंबर ओरडायचा. सासूबाईंना एक नंबर द्या, खूश होतील.

प्रश्न : मी माळकरी आहे. बँकॉकला खायचं काय?
— ता. खामगाव, जि. बुलडाणा

उत्तर : बौद्ध देश म्हणजे शाकाहारी देश, हा आपला गैरसमज. भाजीतही माशाचं पाणी घालतात, त्याला ते "नाम प्ला" म्हणतात. एक शब्द पाठ करा, "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. त्या ठेल्यावर मांस, मासळी, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. माळकऱ्याला आणखी काय पाहिजे, बाप्पा?

प्रश्न : आमच्या बागेतली संत्री तिकडच्या ओळखीच्या माणसाला नेऊ का?
— ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : नका नेऊ. परदेशात ताजी फळं नेताना कागदपत्रं लागतात, नसली की सीमेवर ठेवून घेतात. आमच्यातल्या एकानं नेली होती, डिसेंबर होता, आंबिया बहाराची, चांगली चार किलो. विमानातून उतरल्यावर फळं आणण्याबद्दलची पाटी वाचली आणि त्याचा चेहराच पडला. फेकायला मन होईना. मग इमिग्रेशनच्या अलीकडे, पहाटे साडेपाचला, आम्ही अठ्ठावीस जणांनी भिंतीला टेकून ती सगळी खाल्ली. साली एका पिशवीत, पिशवी कचऱ्यात. पुसायला आलेल्या बाईलाही एक देऊ केलं. तिनं मानेनं नाही म्हटलं, पण सालीचा वास घेतला.