वाचकांचे प्रश्न: वाघ मोजायचा कसा, बिबट्या सोडायचा कुठे

मागच्या अंकात वाघ-बिबट्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल छोटासा लेख आला होता, त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. शिरूरच्या ताईंच्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय, कारण तो प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीये.

प्रश्न (नागपूर): देशात ३६८२ वाघ आहेत म्हणतात. हे मोजतं कोण आणि कसं? एकच वाघ दोनदा मोजला गेला तर?

दोनदा मोजला जात नाही, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यातही एकाच वाघाची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसते, म्हणून जंगलातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, साधारण गुडघ्याच्या उंचीला, वाघ मधून गेला की दोन्हीकडून फोटो. मग कॉम्प्युटरवर पट्टे जुळवून हा आधीचाच की नवा ते ठरवतात. २०२२ च्या गणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते, फोटो निघाले पावणेपाच कोटींच्या आसपास, आणि त्यात वाघाचे किती? ९७,३९९. बाकी सगळं हरणं, गुरं, माणसं, रानडुकरं, वाऱ्याने हललेलं गवत. त्यातून वेगवेगळे असे ३०८० वाघ ओळखले गेले.

आता जे कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत त्यांचं काय, तर तिथं गणित येतं. तेच तेच वाघ परत परत दिसत असतील तर सुटलेले थोडेच असणार, दर वेळी नवाच दिसत असेल तर अजून बरेच बाकी आहेत. ही पद्धत आपल्याकडं वाघासाठी वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत वापरून दाखवली. म्हणून ३६८२ हा एकेक मोजलेला आकडा नाही, तो अंदाज आहे, ३१६७ ते ३९२५ च्या मधला. बातमीत फक्त मधला आकडा छापतात ते मला पटत नाही, वरचा-खालचा पण द्यायला हवा.

त्याआधी काय चालायचं तेही सांगतो. पायाचे ठसे घ्यायचे, काच ठेवून त्यावर ट्रेस करायचे आणि बघून ठरवायचं की हा अमुक वाघ. २००१-०२ मध्ये या पद्धतीने देशात ३६४२ वाघ निघाले. राजस्थानात सरिस्कामध्येही कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये कळलं की तिथं एकही उरलेला नाही, सगळे शिकारीत गेले. मग केंद्र सरकारचा टायगर टास्क फोर्स बसला, पद्धत बदलली, आणि २००६ च्या नव्या मोजणीत अंदाज आला १४११. दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, पद्धतच वेगळी आहे, पण आपण किती वर्षं अंधारात होतो ते त्यातून दिसतंच. मोजणी चुकली की वाघ मरत राहतात आणि कागद म्हणतो सगळं ठीक चाललंय.

प्रश्न (पुणे): वाघाच्या गळ्यात तो पट्टा बांधून त्याला त्रास नाही का होत? एवढं करून मिळतं काय?

बेशुद्ध करण्यात धोका असतोच, म्हणून परवानगी आणि व्हेट असल्याशिवाय कोणी हात लावत नाही. कॉलरचं, म्हणजे वाघ कुठं आहे ते कळवत राहणाऱ्या त्या पट्ट्याचं, वजन वाघाच्या वजनाच्या मानाने अगदी कमी ठेवतात आणि काम झालं की ती काढली जाते.

मिळतं काय याला वॉकर नावाच्या वाघाचं उदाहरण पुरेसं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा हा तरुण नर, फेब्रुवारी २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या टीमने त्याला कॉलर लावली, बिलाल हबीब या अभ्यासाचे प्रमुख. जूनमध्ये तो बाहेर पडला तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, मधे तेलंगणातही जाऊन आला, एकूण ३००० किलोमीटरच्या वर चालला. शेतं, नाले, हायवे, गावांच्या कडा. दिवसा झुडपात पडून राहायचा आणि रात्री चालायचा, बहुतेक गावांना पत्ताही नव्हता की वाघ गेला. एकदा लोकांचा घोळका तो बसलेल्या झुडपात शिरला तेव्हा एकाला किरकोळ दुखापत झाली, बस. कॉलर नसती तर आपण म्हणालो असतो की टिपेश्वर ते ज्ञानगंगा मधे तर सगळी शेतीच आहे, वाघ कसा जाईल! आता नकाशावर दाखवता येतं की तो इथून गेला, या रस्त्याखाली पाणंद ठेवा, या नाल्याकाठची झाडी तोडू नका.

प्रश्न (शिरूर तालुका): आमच्या भागात लहान मुलं गेलीत. संध्याकाळी पाचनंतर बायका शेतात जात नाहीत. सगळे बिबटे धरून लांब जंगलात का सोडत नाहीत? शास्त्रज्ञांना बिबट्याचीच काळजी, आमची नाही, असं आम्हाला वाटतं.

ताई, तुमचा राग बरोबर आहे. ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याला इथं बसून शहाणपण सांगायचा मला अधिकार नाही. पण धरून लांब सोडायचं हे जे तुम्ही म्हणताय ते तुमच्याच भागात करून झालंय, आणि त्याचं काय झालं ते बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडून ठेवलंय, म्हणून ते सांगतो.

२००१ ते २००३ मध्ये जुन्नर वनविभागात शंभराच्या वर बिबटे पिंजरे लावून धरले आणि बरेचसे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते झाले १७. कमी व्हायच्या ऐवजी चौपट. सोडलेल्या जागांच्या आसपासही माणसांवर हल्ले झाले. का, तर बिबट्याचा आपला आपला इलाका असतो, मोठा जाणता बिबट्या उचलला की ती जागा रिकामी राहत नाही, कोणीतरी नवखा तरुण येऊन बसतो. आणि जो उचललेला असतो तो पिंजऱ्यात धडका मारून दात-नखं तोडून घेतलेला, भेदरलेला, अनोळखी मुलखात सोडलेला, तो तिथं थांबतच नाही. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढला, आजोबा म्हणायचे त्याला, कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. पंचवीसेक दिवसांत तो कसाऱ्याजवळून, हायवे ओलांडून, वसईची औद्योगिक वसाहत आणि खाडी पार करून मुंबईच्या नॅशनल पार्कला पोचला, १२० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही त्याला ताडोबात सोडा नाहीतर भीमाशंकरला, राहायचं कुठं ते तोच ठरवणार.

दुसरी गोष्ट खाण्याची. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अत्रेय यांच्या टीमने उसाच्या बांधांवरून, पायवाटांवरून बिबट्याची विष्ठा गोळा केली, धुऊन त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, केसाच्या रचनेवरून कळतं कुत्र्याचा की शेळीचा की उंदराचा. खाल्लेल्या मांसात वजनाने ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, एकटी कुत्रीच ३९ टक्के, शेळ्या त्याच्या मानाने कमी. त्याच भागात कॅमेऱ्यांवरून दर १०० चौरस किलोमीटरला ५ च्या आसपास मोठे बिबटे निघाले, जंगल नसलेल्या, भरवस्तीच्या तालुक्यात, आणि तरी अभ्यासाच्या त्या काळात माणसांवरचे हल्ले तिथं क्वचितच. म्हणजे बिबटे किती आहेत एवढ्यावरच हल्ले ठरत नाहीत.

मग करायचं काय? माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या ओळखून कायमचा काढायलाच हवा, याला कुठल्या शास्त्रज्ञाचा विरोध असेल असं मला वाटत नाही, केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही ते आहे. पण दिसला म्हणून धरला आणि सोडला दुसरीकडं, हे बंद व्हायला हवं. गोठा वरून-खालून बंद, मोकाट कुत्री आणि त्यांना पोसणारा कोंबड्यांचा, हॉटेलचा कचरा कमी, उसाला लागून वस्ती असेल तर अंगणात लाईट, रात्रीच्या ऐवजी दिवसा शेतीची वीज. ही शेवटची मागणी तर तुमच्या भागातले शेतकरी स्वतःच कधीपासून करतायत. आणि हे सगळं तुमच्या एकटीच्या खिशातून व्हावं असं मी म्हणत नाहीये, हा खर्च सरकारचा आहे आणि तो भांडून घ्यायला हवा, त्या भांडणात हे आकडे तुमच्याच बाजूने आहेत.

प्रश्न (नारायणगाव): ऊसतोडीत पिल्लं सापडतात, ती घरी आणावीत का?

नाही. मादी जवळच असते. हातात घेऊ नका, फोटोसाठी गर्दी करू नका, तोड थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. वनखातं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावतात. आई येते, क्रेट पाडते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते. पिल्लं उचलून नेली तर ती आई रात्रभर त्याच फडाभोवती फिरत राहते, ते जास्त धोक्याचं. अजून एक, सापडलेली पिल्लं दर वेळी बिबट्याचीच असतात असं नाही, वाघाटी या छोट्या रानमांजराची पण असतात, ती तर मोठी होऊनही घरच्या मांजरापेक्षा लहानच राहते.

प्रश्न (कोल्हापूर): प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून जंगलात सोडली तर प्रश्न सुटेल ना?

स्पेनमध्ये सुटत आलाय, पण नुसत्या पिल्लांनी नाही. तिथल्या इबेरियन लिंक्स या रानमांजराची संख्या २००२ च्या सुमाराला शंभराच्या खाली आली होती. २००५ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या दोन्यानाच्या प्रजनन केंद्रात सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली, बंदिवासातली पहिली. काही आठवड्यांतच भावंडांत भांडण होऊन त्यातलं एक मेलं. तेव्हापासून त्या वयात पिल्लांवर चोवीस तास कॅमेऱ्याने लक्ष ठेवायचं आणि वेळ आली तर वेगळं करायचं हे ठरलं. पण लिंक्स जगतं सशांवर आणि ससे साथीच्या रोगांनी संपत आले होते, म्हणून ससे वाढवले, जमीनमालकांशी करार केले, रस्त्याखालून वाटा काढल्या, पोर्तुगालला सोबत घेतलं. आता संख्या २००० च्या वर आहे आणि २०२४ मध्ये ते 'संकटग्रस्त' गटातून एक पायरी वर आलं. आपल्याकडं वाघाला पिल्लांची कमी नाहीये, कमी आहे ती जागेची आणि खाण्याची.

प्रश्न (इयत्ता नववी, लातूर): मला हेच काम करायचंय. काय शिकू?

जीवशास्त्र तर घेच, पण गणित सोडू नकोस, वर बघितलंस ना सगळं मोजणीवर चाललंय. पदवीनंतर डेहराडूनची वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) इथं वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करता येते, प्रवेश परीक्षा असते, जागा थोड्या असतात. तोपर्यंत वही ठेव. घराजवळच्या माळावर कोणता प्राणी, कोणता पक्षी, किती वाजता, काय करत होता, रोज लिही, तारीख टाकून. लांडगा, खोकड, रानमांजर तुमच्या मराठवाड्यातच आहेत आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं वाघाच्या मानाने फारच कमी आहेत.