फिटच्या गोळ्या चालू आहेत, मग चान्स घ्यायचा की नाही?

हा प्रश्न घेऊन बायका सारख्या येतात माझ्याकडे, म्हणून एकीची गोष्ट तिला विचारून इथे सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती आली तेव्हा मनगटाच्या वर भाजल्याचा ताजा चट्टा होता. भाकरी करताना फिट आली आणि हात तव्यावर पडला. वय २६, लग्नाला दीड वर्ष, दहावीपासून फिट्स, व्हॅल्प्रोएट नावाची फिटची गोळी चालू आणि त्यावर चार वर्षं एकही फिट नाही. मग आत्ताच कशी आली? तर नणंद म्हणाली होती की एवढ्या पॉवरच्या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर पोर अधू होईल, झालं, हिने कुणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून रोज रात्री पाकिटातून गोळी काढून बेसिनमध्ये टाकायची. ती रिकामी पाकिटं तिने पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि रडायलाच लागली, "मॅडम, मी बाळासाठीच केलं हो."

मी तिला रागावले नाही. कारण नणंदेचं अगदीच खोटं नव्हतं. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं, एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं, शिवाय मुलाच्या बोलण्यावर-शिकण्यावरही परिणाम होऊ शकतो. पण उपाय गोळी बंद करणं नाही, वेळेत बदलून घेणं हा आहे. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम ही औषधं बाळासाठी बरीच सुरक्षित आहेत. सगळ्यांना ती लागू पडतातच असं नाही, कुणाला कुठली चालेल ते न्यूरोलॉजिस्टच ठरवणार. अचानक गोळी थांबवली की मोठी फिट येऊ शकते, एकामागून एक येत राहिल्या तर जिवावर बेततं, आणि पोटात बाळ असताना पडली तर त्यालाही धोका.

आणि हे सगळं आधी का, तर बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली म्हणून टेस्ट करेपर्यंत ते काम जवळजवळ झालेलं असतं. त्यामुळे फॉलिक अ‍ॅसिडसुद्धा निदान तीन महिने आधीपासून लागतं, आणि फिट्सवाल्या बायकांना डॉक्टर बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात.

दुसऱ्या वेळी नवऱ्याला बोलावलं. त्याला फिट्सचं लग्नाआधीच माहीत होतं, बिचारा गोळ्या बंद केल्याचं ऐकून गप्पच झाला. त्याने विचारलं, बाळालाही फिट्स येतील का? बहुतेक मुलांना येत नाहीत, हे ऐकून दोघांचाही चेहरा जरा सैल झाला. सासूबाईंचं म्हणणं होतं की अशा मुलीचं लग्नच टिकत नाही. मी सांगितलं, आई, हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये फिट्सचा उल्लेख होता तो १९९९ मध्येच काढून टाकलाय, आणि नीट औषध घेणाऱ्या बहुतेक बायकांना चांगली धडधाकट मुलं होतात. त्यांचा खरा प्रश्न मग आला, बाळाला अंगावर पाजता येईल का? येतं. या गोळ्या चालू असताना बहुतेकींना पाजता येतं.

डॉक्टरांनी तिची गोळी हळूहळू बदलली, त्याला काही आठवडे गेले, तोपर्यंत दिवस राहू नयेत म्हणून कॉपर टी. (गर्भनिरोधक गोळी काही फिटच्या औषधांशी जमत नाही, हे विचारायचं राहूनच जातं.) दिवस राहिल्यावर औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, विशेषतः लॅमोट्रिजिनचं, त्यामुळे डोस वाढवायला लागू शकतो, तेव्हा घाबरून मनानं कमी करू नकोस हेही आत्ताच सांगून ठेवलंय.

आधीचे नऊ महिने ते वर्षभर फिट नसेल तर गरोदरपणातही न येण्याची शक्यता खूप चांगली असते, म्हणून अजून सहा महिने थांबायचं ठरलंय. रात्रीची गोळी आता नवरा ताटाशेजारी ठेवतो, आणि भाकऱ्या सध्या सासूबाई करतात.