चिंगीचा एक्स-रे थांबवू नका. पैसे दुसरीकडेच गळताहेत

एका वाचकाचं पत्र आलंय. घरात पाच वर्षांची पॉमेरियन, चिंगी. चालता चालता मागचा उजवा पाय वर धरते, तीन-चार पावलं तीन पायांवर टाकते, पाय मागे झटकते आणि काही झालंच नाही अशी पळत सुटते. सात महिन्यांपूर्वी पशुवैद्यांना दाखवलं. 'गुडघ्याची वाटी सरकत असावी, भूल देऊन तपासणी व एक्स-रे करावा' असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. ते अजून झालेलं नाही. आता एका एजंटने सुचवलंय की आधी कुत्रीचा विमा काढा, तीन महिने थांबा आणि मग एक्स-रे करा, म्हणजे ऑपरेशनही विम्यात बसेल. वाचक विचारतात, थांबू की क्रेडिट कार्डावर आत्ताच तपासणी उरकू?

रकमा पत्रात आहेत, पण इथे मी घरी येणारा महिन्याचा पगार १०० धरतो आणि सगळं त्याच मापात सांगतो.

थांबू नका. एजंटाची युक्ती चालत नाही, आणि विमा विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. विमा घेण्याआधी दिसलेलं दुखणं म्हणजे आधीपासूनचा आजार, आणि प्राण्यांच्या विम्यात तो सर्रास वगळलेला असतो. क्लेम केला की कंपनी पशुवैद्यांकडचे जुने कागद मागू शकते. तुमच्या कागदावर सात महिन्यांपूर्वीची तारीख आहे. वेटिंग पीरियड, म्हणजे विमा घेतल्यावर क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, संपला म्हणून ती पुसली जात नाही. फॉर्मवर 'कुठलाही त्रास नाही' असं लिहिलंत तर ती खोटी माहिती ठरेल, आणि मग गुडघ्याचाच काय, पुढचा कुठलाही क्लेम अडकू शकतो. काही पॉलिसींत तर एका गुडघ्याचं दुखणं आधीचं निघालं की दुसरा गुडघाही वगळतात. दरमहा ४ हप्ता भरायचा आणि ज्यासाठी भरायचा तेच त्यात नाही, असा हा सौदा आहे.

तपासणीचा खर्च ६. अख्ख्या पत्रात यापेक्षा महत्त्वाचा खर्च नाही, आणि नेमका तोच तुम्ही टाळलात. सांध्यांची पावडर आणि गुडघ्याचा पट्टा यांवर मात्र दरमहा ३, म्हणजे सात महिन्यांत २१ गेले. दुखणं काय हेच माहीत नसताना तपासणीच्या साडेतीनपट पैसे उपचारावर! अशा पावडरींत असणाऱ्या ग्लुकोसामीनच्या उपयोगाचे पुरावे तसेही कमकुवत आहेत, आणि सरकणारी वाटी पावडरीने जागेवर राहत नाही. बंद करा.

निदान आधी हवं, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. लहान जातींत वाटी आतल्या बाजूला सरकणं नेहमीचं आहे आणि ते मुख्यतः हाताने चाचपून कळतं. त्याचे चार ग्रेड असतात. पहिल्यात वाटी ढकलली तर सरकते, सोडली की परत बसते. तिथे सहसा ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्यात ती आपली आपण सरकते आणि परत येते. त्रास किती होतो यावर निर्णय होतो. तिसऱ्यात ती बहुतेक वेळ बाहेरच असते, चौथ्यात ढकलूनही जागेवर येत नाही, आणि ऑपरेशनचं बोलणं मुख्यतः या दोन ग्रेडमध्ये होतं. पण मागच्या पायाने लंगडण्याचं कारण गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट (मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा दोर) फाटणं हेही असू शकतं, कधी दोन्ही एकत्र असतात. जागी असताना कुत्री पाय ताठ धरते आणि लिगामेंटची चाचणी फसते, म्हणून पशुवैद्य भूल द्यायला सांगताहेत. खुबा किंवा पाठीचा मणकाही दुखत असेल. पंजात काहीतरी रुतलेलंही असू शकतं. तुम्हाला सांगितलेला ४५ ते ६० हा ऑपरेशनचा अंदाज निदानाच्या आधीचा आहे. प्रत्यक्षात खर्च शून्याजवळही थांबू शकतो. आणि ऑपरेशन लागणारच असेल, तर थांबाल तितका काळ सांध्यातली कूर्चा झिजत राहते आणि मांडीचा स्नायू सुकत जातो. तुमच्या त्या तीन महिन्यांची किंमत चिंगी मोजेल.

जाताना मोबाइलवर तिच्या चालण्याचा व्हिडिओ घेऊन जा, बाजूने आणि मागून. दवाखान्यात घाबरलेली कुत्री अनेकदा नीट चालून दाखवते. तोवर माणसांची वेदनाशामकं अजिबात देऊ नका; आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात. तिचं वजन ४ किलो हवं तिथे ५ आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ६० किलोच्या माणसाने १५ किलोची पिशवी दिवसभर पाठीवर वागवावी, तितका हा भार आहे. निदान काहीही येवो, तो उतरवायलाच लागेल, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

हे ६ कार्डावर टाकू नका. खात्यात ८ शिल्लक आहेत, त्यातून द्या. खातं रिकामं होईल ही तुमची भीती खरी आहे, पण ते रिकामं चिंगीमुळे होत नाहीये.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कार्डावर जुनी थकबाकी १८० आहे, मिनिमम ड्यू (दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम) वेळेवर भरतो, बोनस आला की मिटवू. दर महिना ३ टक्के. म्हणजे व्याज दरमहा जवळपास साडेपाच. चिंगीच्या तपासणीएवढे पैसे दर महिन्याला बँकेला जातात आणि त्याबद्दल पत्रात एकही प्रश्न नाही! तुम्ही ९ भरता, मुद्दल जेमतेम साडेतीनने कमी होतं. बोनसला आठ महिने आहेत, तो किती आणि मिळेल का हे तुम्हालाही ठाऊक नाही. तोवर चाळीसच्या आसपास व्याजात जातील, म्हणजे जवळपास एक ऑपरेशन. बोनसवर कर्ज फेडायची योजना आखू नका.

दुसरीकडे चार वर्षांपासून दरमहा २० एका बचत-अधिक-विमा पॉलिसीत जाताहेत. 'विमा, बचत, मुलांचं शिक्षण, सगळं यातच' असं सांगून ती तुमच्या गळ्यात मारली. आजवर ९६० भरलेत, सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर ६२० मिळतील. पॉलिसीची एकूण पंधरा वर्षं भरली की ५४०० मिळतील असं माहितीपत्रक म्हणतं. भराल ३६००, म्हणजे परतावा वर्षाला साधारण ५ टक्के, आणि त्यातलाही काही भाग विमा कंपनीच्या बोनसचा, खात्री नसलेला. तुम्ही ५ टक्क्यांनी साठवताय आणि वर्षाला ३६ टक्क्यांनी उसने घेताय.

आणि विमा? २००० चा. पत्नी कमावत नाहीत, मुलं दोन. तुमच्यामागे त्यांना वीस महिन्यांचा पगार मिळेल. चिंगीच्या गुडघ्याच्या विम्यावर तुम्ही पानभर लिहिलंत. स्वतःच्या विम्यावर एक ओळ. एवढ्या लोकांच्या जबाबदारीला निदान दहा वर्षांचा पगार, म्हणजे १२००० चं कव्हर हवं. तब्येत ठीक असेल तर तुमच्या वयाला साध्या टर्म पॉलिसीचा (बचत नसलेल्या, फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या विम्याचा) हप्ता दरमहा २ च्या आसपास बसावा.

'आता सोडली तर ३४० बुडतील' असं एजंट म्हणेल. ते गेलेच आहेत. आजचे ६२० आणि पुढची अकरा वर्षं दरमहा २० यांवर ५४०० धरले तर इथून पुढचा परतावा ७ टक्क्यांच्या आसपास येतो. कार्डावर काही नसतं तर पेड-अप करून, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवायचा विचार मीही केला असता. १८० डोक्यावर असताना नाही. पॉलिसीवर कर्ज काढायचंही सुचवतील. १० टक्क्यांनी घेऊन ७ टक्के सांभाळण्यात काय हशील?

सरेंडर करा, पण आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या. मध्ये एक दिवसही विम्याविना जाऊ नये. ६२० मधून कार्डाचे १८० एकरकमी फेडा. उरतात ४४०. चिंगीला ऑपरेशन लागलंच तर त्यातून ६० बाजूला काढा. राहिलेले ३८० साध्या बचतीत ठेवा, ते तुमच्याकडे कधीच नव्हतं असं आपत्कालीन पैशांचं गाठोडं. हप्त्याचे २० सुटले, कार्डाचे ९, पावडरीचे ३. टर्मचे २ जाऊन दरमहा ३० हातात राहतात. मुलांच्या शिक्षणाची गुंतवणूक त्यातून सुरू करू, ती कुठे करायची हे पुढच्या पत्रात. सरेंडरच्या रकमेवर कर लागतो का, हे फॉर्मवर सही करण्याआधी विचारून घ्या.

तुमचा पुढचा हप्ता पंचवीस दिवसांनी आहे. टर्मचा अर्ज या आठवड्यात करा, वैद्यकीय तपासणीला वेळ जातो. आणि चिंगीची अपॉइंटमेंट त्याच्याही आधी घ्या.