10 लाखांचं हेवी डिपॉझिट की महिना 18 हजार भाडं?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरचे एक वाचक बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) नोकरीसाठी पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह मुंबईला येत आहेत. पॅकेज वर्षाला 9 लाख 60 हजार, हातात महिना 68 हजार, जवळ 6 लाखांची एफडी. चुनाभट्टीत एक 1 आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) 10 लाख हेवी डिपॉझिटवर मिळतोय, म्हणजे भाडं शून्य आणि घर सोडताना 10 लाख परत. त्याच भागात तसाच आरके 18 हजार भाडं आणि 75 हजार डिपॉझिटवर आहे. तिसरा पर्याय डोंबिवलीत 1 बीएचके, भाडं 14 हजार. एफडी मोडून आणि वर 4 लाखांचं पर्सनल लोन काढून हेवी डिपॉझिट द्यावं का, असं ते विचारतात.

नका देऊ. पण कागदावर हा सौदा तुम्हाला गोड का वाटतोय ते आधी पाहू, कारण हिशेब चुकलेला नाही. 6 लाखांच्या एफडीवर 7 टक्के धरले तर वर्षाला 42 हजारांचं व्याज जाईल. 4 लाखांचं कर्ज 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर पहिल्या वर्षी साधारण 45 हजार व्याज. दोन्ही मिळून 87 हजार. भाड्याचे वर्षाला 2 लाख 16 हजार होतात. म्हणजे सव्वा लाखाच्या वर बचत.

आता हाच सौदा मालकाच्या बाजूने बघा. 10 लाख वापरायला मिळावेत म्हणून तो 2 लाख 16 हजारांच्या भाड्यावर पाणी सोडतोय, म्हणजे वर्षाला 21 टक्क्यांहून जास्त व्याज मोजतोय. ज्याच्या नावावर मुंबईत घर आहे त्याला बँक याच्या निम्म्या दराने तारण कर्ज देते. मग तो बँकेत का जात नाही? बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की घर आधीच गहाण आहे, हप्ते थकलेत, किंवा कागद बँकेसमोर ठेवण्यासारखे नाहीत. तुम्ही त्याला विनातारण कर्ज देणार आणि राहायला मिळणारी खोली तेवढं त्याचं व्याज.

घर गहाण असेल आणि बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेण्याचा कायदा) ताबा घेतला, तर बँकेच्या संमतीशिवाय झालेला तुमचा करार तिच्यापुढे टिकणं अवघड. लिव्ह अँड लायसन्स कराराने घरात तुमचा कोणताही हक्क तयार होत नाही, फक्त राहण्याची परवानगी मिळते. खोली जाते आणि 10 लाखांसाठी तुम्ही मालकाच्या मागे धावत बसता. गहाण नसलं तरी अकरा महिन्यांचा करार संपल्यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘पुढची पार्टी आली की तुमचे पैसे देतो.’ पैसे मिळेपर्यंत खोली सोडणार नाही, असंही म्हणता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडून तुम्हाला बाहेर काढू शकतो आणि जास्त राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागू शकतो. तुम्हाला मात्र डिपॉझिटसाठी दिवाणी दावा लावावा लागेल. हा असमतोल एजंट सांगत नाहीत.

शिवाय भाडं वाचलं म्हणता म्हणता कर्जाचा हप्ता 13,500 च्या आसपास येतो. हप्ता देता देता नवी नोकरी, कदाचित प्रोबेशन, आणि बँकेत शिल्लक काही नाही. मुंबईत पहिलं वर्ष असं काढू नये.

‘एचआरएसाठी भाडं दाखवायला हवं’ असंही तुम्ही लिहिलंय. एचआरए म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता. नव्या करप्रणालीत एचआरएची सूट नाही, पण पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर शून्य आहे. तुमच्या पॅकेजला तो मुद्दाच उरत नाही.

राहिले दोन पर्याय. डोंबिवलीच्या 14 हजारांत लोकलचा पास आणि दोन्ही टोकांचं शेअर रिक्षाचं भाडं मिळवा, 16,500 पर्यंत जाईल. चुनाभट्टीहून हार्बरवर कुर्ला एकच स्टेशन, आणि 2019 पासून चुनाभट्टी-बीकेसी उड्डाणपूलही आहे. प्रवासखर्चासह 19 हजार धरा. फरक अडीच हजारांचा. त्या अडीच हजारांत रोजचे दोनेक तास, म्हणजे महिन्याला चाळीसहून जास्त तास वाचतात, तेही सकाळी कुर्ल्याला उतरण्याच्या धक्काबुक्कीचे. मी चुनाभट्टी घेईन. मुलीला वेगळी खोली हवीच असेल तर डोंबिवली, आणि त्यात चूक काही नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, गावी जायलाही सोपं.

चुनाभट्टीचा हा आरके कुठल्या इमारतीत आहे, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. या पट्ट्यात दोन गोष्टी बघाव्या लागतात. इमारत एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन योजना) असेल तर पुनर्वसनात मिळालेलं घर ठरावीक वर्षं भाड्याने देताच येत नाही. स्वस्त आहे म्हणून घेतलं आणि तपासणी आली तर सामान तुमचं बाहेर. जुनी सोसायटी असेल तर सेक्रेटरीला सरळ विचारा, रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डर नेमलाय का. नेमला असेल तर अकरा महिने पुरे होण्याआधीच खोली रिकामी करायची वेळ येऊ शकते. नेहरू नगर, टिळक नगर आणि विक्रोळीचं कन्नमवार नगर या म्हाडा वसाहतींनाही हेच लागू. तिथे पुनर्विकासात घर सोडलेली कुटुंबं जवळच भाड्याने घर शोधतात, म्हणून भाडी चढी असतात. चुनाभट्टीत जमलं नाही तर विक्रोळी किंवा भांडुप बघा, मध्य रेल्वेने कुर्ला तिथून जवळ आहे.

मालकाकडून वीजबिल, मेंटेनन्सची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स 2 (घराच्या नोंदणीकृत खरेदीचा सरकारी उतारा) मागा. चारही कागदांवर एकच नाव हवं. घर गहाण असेल तर बँकेचं पत्र सहसा सोसायटीच्या दप्तरी असतं, तेही सेक्रेटरीकडे विचारा. साध्या भाड्याच्या घराला कर्ज असलं तरी घाबरायचं कारण नाही, तुमचे फक्त 75 हजार अडकलेले असतात.

करार नोटरीवर भागवू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, तुमच्या बाबतीत पाचशेच्या आसपास, आणि पालिका हद्दीत नोंदणी फी 1000. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: नोटीस एक महिन्याची, डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, आणि मेंटेनन्स व नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते तो) मालकाचा. सोसायटीला हा चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तरी तो भाडेकरूच्या गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असतील तर रक्कम आत्ताच ठरवा.

सुरुवातीचा खर्च असा: डिपॉझिट 75 हजार, ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं 18 हजार, पहिलं भाडं 18 हजार, करार एजंटसह 3 हजार, कोल्हापूरहून टेम्पो 20 हजार, पंखे, गॅस, पडदे वगैरे 15 हजार. दीड लाखाच्या आत. साडेचार लाखांची एफडी तशीच राहू द्या.

पहिला महिना कुटुंबाला कोल्हापूरलाच ठेवून तुम्ही कुर्ल्यात कॉट बेसिसवर (सामाईक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन) राहिलात तर उत्तम. घर आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेआठला बघा, रविवारी दुपारी नाही. कुर्ला-चुनाभट्टीत जोराच्या पावसात पाणी भरतं, तेव्हा तळमजला असेल तर भिंतीवर ओलीची रेघ आहे का आणि मीटर बॉक्स किती उंचावर आहे ते पाहून घ्या. टोकन कागद बघितल्यावरच, ऑनलाइन आणि मालकाच्याच खात्यात द्यायचं. ब्रोकरेज करार नोंदला त्या दिवशी, आधी नाही.