पहिला रोल बिघडला? आधी कडेचे आकडे वाचा

स्कॅन राहू द्या बाजूला. घरी डेव्हलप केलेल्या फिल्मची ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह खिडकीशी धरा आणि फ्रेमच्या आधी कडेचे आकडे बघा. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. म्हणून दोष कॅमेऱ्याचा की डेव्हलपिंगचा, हे तेच सांगतात.

- आकडे ठळक, सगळ्या फ्रेम कोऱ्या: बहुतेक वेळा फिल्म कॅमेऱ्यात सरकलेलीच नसते.
- आकडेही गायब: डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मेलेला, किंवा चुकून फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आधी ओतला.
- आकडे ठळक, पण सावल्यांत तपशील नाही: एक्स्पोजर कमी, म्हणजे फिल्मवर प्रकाश कमी पडला.
- आकडेही फिके: डेव्हलपिंग कमी पडलं.

दुधाळ पट्टे दिसले तर रोल फेकू नका! फिक्सिंग अपुरं झालंय. ताज्या फिक्सरमध्ये परत बुडवा, नीट धुवा. मी असे बरेच रोल वाचवलेत.

नवीन माणसाची नेहमीची चूक तापमानाची. तक्त्यातली डेव्हलपिंगची वेळ सहसा २० अंशांची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी सहज ३० अंशांवर जातं. वेळ तीच ठेवली तर निगेटिव्ह काळीकुट्ट होते. थर्मामीटर घ्याच.

पुश, पुल (डेव्हलपिंग मुद्दाम वाढवणं, कमी करणं) वगैरे नंतर बघू. पुढच्या रोलला एकच गोष्ट बदला आणि तापमान, वेळ वहीत लिहा.